बाबांना एक गुन्हेगार हवा आहे

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक छत्तीस वर्षांची, माहेर नाशिकचं, आता ठाण्यात. आई एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेली. रुग्णालयात दाखल केल्यानंतर घरच्या कोणालाही ती पुन्हा दिसली नाही. बाराव्या दिवशी फोन आला आणि अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांनी उरकले. वडील वीजखात्यातून निवृत्त झालेले, नाशिकला एकटे राहतात. आई गेल्यावर वर्षभरात ते म्हणू लागले, की कोविड असं काही नव्हतंच, रुग्णालयांना एकेका पेशंटमागे दीड लाख मिळत होते आणि आईला मुद्दाम मारलं. आता त्यांनी स्वतःची बीपीची गोळी अर्ध्यावर आणली आहे आणि आठ महिन्यांच्या नातीला ‘एकही लस टोचू नका’ असा त्यांचा धोशा आहे. अमेरिकेतला भाऊ फॅमिली ग्रुपवर खुलाशांच्या लिंका टाकतो. बाबा दोनदा ग्रुप सोडून गेले. गेल्या महिन्यात या वाचक त्यांना म्हणाल्या, “आईच्या मरणाचा तमाशा करताय तुम्ही.” तेव्हापासून बोलणं बंद आहे. त्या विचारतात: इतका शिकलेला माणूस असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतो? त्यांना पटवू कसं? की संबंधच कमी करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते एका वाक्यासाठी. शेवटच्या पानावर तुम्ही कंसात लिहिलंय: आई घरीच राहते म्हणत होती, बाबांनी बळेच नेलं. इतकं मोठं वाक्य कंसात का घातलंत?

मला वाटतं, तुमच्या तिन्ही प्रश्नांची वाट त्या कंसातून जाते. पण आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण तो जवळपास प्रत्येक पत्रात असतो. ‘शिकलेला माणूस’. आपण धरून चालतो, की अफवा म्हणजे अडाण्यांचं काम आणि डिप्लोमा-डिग्री हे त्यावरचं टॉनिक. तसं असतं तर नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे मी दोन प्राध्यापकांना चहा पिता पिता सांगितलं नसतं. आणि त्यांनी माना डोलावल्या नसत्या! शिक्षणाने फरक पडतो, नाही असं नाही. पण शिकलेल्या माणसाजवळ आणखी एक गोष्ट असते: आधीच जे मानायचं ठरलंय त्याच्या बाजूने वकिली करण्याचं कसब. बाबांशी वाद घालताना तुम्ही दर वेळी हरता, ते त्यामुळेच.

शिवाय बाबांचं शिक्षण कशाचं आहे, तेही पाहा. माझे एक मामा लाइनमन होते. रात्री फीडर ट्रिप झाला, म्हणजे वीज आणणारी लाइन आपोआप बंद पडली, की बॅटरी घेऊन निघायचे. कुठे फांदी टेकलीय, कुठे इन्सुलेटर फुटलाय, कुठे जंपर तुटलाय. त्यांच्या लेखी फॉल्ट ही जागा असलेली गोष्ट होती. ती सापडेपर्यंत घरी यायचं नाही. तुमच्या बाबांनी तेहेतीस वर्षं हेच केलं. अंधार झाला, त्याअर्थी कुठेतरी काहीतरी तुटलंय, आणि ते शोधणं हे आपलं काम. आता त्यांच्या आयुष्यात सगळ्यात मोठा अंधार झाला आणि लोक त्यांना सांगतायत, “एक विषाणू होता, नशीब खराब होतं.” हा काय रिपोर्ट झाला?

मोठ्या घटनेला कारणही मोठंच असलं पाहिजे, ही माणसाच्या मनाची जुनी खोड आहे. १९७९ साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी ती साध्या पद्धतीने तपासली. राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडली आणि ती वर्मी लागली असं सांगितलं, की लोकांना त्यामागे कट जास्त शक्य वाटला. तीच गोळी चुकली असं सांगितलं, की एकटा माथेफिरू पुरेसा वाटला. माणूस तोच, बंदूक तीच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनाबद्दल साठ वर्षं झाली तरी लोकांचं समाधान का होत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. आईचं जाणं तुमच्या घराला केनेडींपेक्षा मोठं होतं.

पण हा झाला अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यासाठी बिहारला जावं लागेल. १५ जानेवारी १९३४ ला तिथे भीषण भूकंप झाला. पाटण्याचे जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा टिपून ठेवल्या. गंमत अशी, की त्यांनी टिपलेल्या अफवा ज्या भागातल्या होत्या तिथे हादरा तर जोरात बसला होता, पण पडझड झालेली नव्हती. आणि तिथले लोक एकमेकांना धीर देणाऱ्या गोष्टी सांगत नव्हते. याहून मोठा भूकंप येणार, प्रलय येणार, असं सांगत होते. वीसेक वर्षांनी लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाचनात हे आलं आणि तो अडला. घाबरलेला माणूस स्वतःला आणखी का घाबरवेल? त्याने लावलेला अर्थ मला आजही पटतो. भीती आधीच आत शिरली होती, पण बाहेर पाहावं तर घरं जागेवर. इतकी भीती कशाची, याला उत्तर नव्हतं. अफवेने भीती निर्माण केली नाही, तिने भीतीला तिच्या मापाचं कारण शिवून दिलं.

आता तो कंस उघडा. आई नको म्हणत होती. बाबांनी नेलं. रेमडेसिव्हिर त्यांनीच काळ्या बाजारातून, चौपट पैसे मोजून आणलं, असंही तुम्ही लिहिलंय. ती गेली, तिचं तोंडही पाहता आलं नाही. या माणसाच्या छातीत जी बोच आहे ती ठेवायला दोनच जागा आहेत: ‘मी नेलं म्हणून गेली’ किंवा ‘त्यांनी मारली’. मी चुकत असेन; चार पानांवरून माणूस ओळखता येतो असा माझा दावा नाही. पण बाबांना गुन्हेगार हवा आहे तो बहुधा त्या पिंजऱ्यात स्वतःला उभं राहावं लागू नये म्हणून. तुम्ही ‘कोविडने गेली’ म्हणता तेव्हा तुम्हाला वाटतं आपण वस्तुस्थिती सांगतोय. त्यांना ऐकू येतं, की दुसरा कोणी आरोपी नाही.

त्यांच्या बोलण्यातली विसंगती तुम्ही पकडलीत. सोमवारी ‘कोविड नव्हताच’, गुरुवारी ‘कोविड चीनने मुद्दाम सोडला’. ही विसंगती दाखवून त्यांना गप्प करता येतं, बदलता येत नाही. कारण त्यांनी धरून ठेवलेली गोष्ट या दोन्हींच्या खाली आहे: ‘आपल्यापासून काहीतरी लपवलं गेलं’. वरची विधानं आठवड्याला बदलली तरी ते बूड जागेवर राहतं. (जाता जाता: विषाणू प्रयोगशाळेतून चुकून निसटला का, यावर शास्त्रज्ञांतही वाद आहे. तो प्रश्न आणि ‘मुद्दाम सोडला’ हे आरोप एकाच टोपलीत टाकू नका. तेवढ्यानेही तुमच्या शब्दाला वजन येईल.)

आणि लपवलं गेलं होतंच की! इथे मला तुमच्या दुसऱ्या गृहीतकाला हात घालायचाय: बाबांचं सगळं खोटं आणि आपलं सगळं खरं. त्या एप्रिलमधलं नाशिक आठवा. २१ तारखेला पालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं, की रुग्णालयातल्या रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, फायद्याचा पुरावा नाही. तरी पाच महिन्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या आणि तुमच्या बाबांसारखी माणसं उन्हात रांगा लावत होती. राज्य सरकारला खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घालावी लागली, ती उगाच नाही. दीड लाखांचा मेसेज खोटाच होता. पण तो ज्या जमिनीत रुजला ती खोटी नव्हती.

मुंबईने हे सव्वाशे वर्षांपूर्वीही पाहिलंय. १८९६ ला प्लेग आला, आजाऱ्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. गावात बोलवा उठली, की तिथे माणसांना मारतात, उलटं टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे एक औषधी अर्क, काढतात. ऑक्टोबरअखेर हजारभर गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. वेडे होते का? आत नेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता, कारण लोक दुखणं लपवायचे आणि तो आत जायचा तोच शेवटच्या घटकेला. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. आत काय होतं हे न दिसणाऱ्याने जे दिसत होतं त्यावरून हिशेब मांडला. पुढे जातीजमातींनी आपापली प्लेग-रुग्णालयं काढली, घरच्या माणसाला जवळ बसता येऊ लागलं, तेव्हा ही भीती ओसरू लागली. तिथे पत्रकं वाटून जे झालं नसतं ते खाटेजवळच्या स्टुलाने केलं. तुमच्या बाबांना ते स्टूल मिळालं नाही.

तेव्हा गैरकारभार आणि कारस्थान या दोन शब्दांत फरक करायला शिका, आणि बाबांशी बोलताना पहिला शब्द मोठ्याने कबूल करा. गैरकारभारात माणसं हावरी, थकलेली, बेफिकीर, घाबरलेली असतात, आणि कुणाचाच कुणाला पत्ता नसतो. कारस्थानाला मात्र शिस्त लागते. त्या एप्रिलमध्ये कुठे शिस्त दिसली होती का, हा प्रश्न बाबांना जरूर विचारा. खरी कारस्थानं जगात झालीत. ओसामा बिन लादेनचा माग काढायला सीआयएने ॲबटाबादमध्ये खोटी लसीकरण मोहीम चालवली होती, आणि पाकिस्तानातल्या आया त्यानंतर खऱ्या लसवाल्यांनाही दार उघडेनात. पण ते उघडकीला आलं ते नावागावासकट, तारखेसकट. बाबा बघतात त्या व्हिडिओंत नेहमी ‘ते लोक’ असतात. ते लोक कोण, हे कधीच कळत नाही.

आता करायचं काय. तुम्ही तीन गोष्टींची एक मोट बांधलीय, ती सोडा.

बाळाची लस हा वादाचा विषयच नाही. आठ महिने झालेत, म्हणजे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आता येईल. ती द्या. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराने काय केलं ते तुम्ही ठाण्यात बसून वाचलंच असेल. बाबांची परवानगी मागू नका, लपवूही नका. लपवलंत तर ‘आपल्यापासून लपवतात’ या त्यांच्या बुडाला तुम्हीच पाणी घालाल. “बाबा, शुक्रवारी लस आहे. तुम्हाला काळजी वाटते हे मला कळतं. निर्णय आमचा आहे.” एवढंच. ते रागावतील. रागावू द्या.

बीपीची गोळी ही मात्र घाईची बाब आहे, आणि तिथे तुमचा आवाज उपयोगाचा नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. त्याआधी उत्तर प्रदेशात कित्येक गावांत डोस म्हणजे मुलं निर्बीज करण्याचा डाव, अशी समजूत होती. ती सरकारी जाहिरातींनी हलली नाही. मोहल्ल्यातल्याच बाया दारोदार गेल्या, मशिदीतून मौलवींनी सांगितलं, तेव्हा दारं उघडली. बाबांचा मौलवी कोण, ते शोधा. वीजखात्यातला जुना सहकारी, ज्याची बायपास झालीय? सकाळी फिरायला येणारे कोणी? तुम्ही पत्रात जुन्या फॅमिली डॉक्टरांचा ओझरता उल्लेख केलाय, आई ज्यांना राखी बांधायची ते. त्यांना फोन करा आणि “बाबांना समजवा” असं म्हणू नका. “सहज घरी चहाला या आणि बीपी बघा,” म्हणा.

व्हिडिओंचा विषय थांबू शकतो. म्हणजे त्यांच्यामुळे आज कुणाचं काही बिघडत नाही. पुरावे दिले की माणूस उलटा आणखी हट्टी होतो, असं मध्यंतरी फार बोललं जायचं. पुढच्या तपासण्यांत ते तितकंसं टिकलं नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात दोन हजारांहून अधिक अमेरिकनांनी आपला आवडता कट आणि त्यामागची स्वतःची कारणं एका चॅटबॉटला सांगितली. यंत्राने नेमकी तीच कारणं धरून, न चिडता उत्तरं दिली. विश्वास सरासरी पाचव्या हिश्शाने उतरला आणि दोन महिन्यांनीही उतरलेलाच होता. फक्त पाचव्या हिश्शाने, हे लक्षात ठेवा. कुणी रडून पाया पडलं नाही. मला त्यातला ‘न चिडता’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. यंत्राला बाबांच्या भावापुढे, मेव्हण्यापुढे जिंकायचं नव्हतं.

म्हणून दादाला आधी थांबवा. ग्रुपवर, वीस नातेवाइकांसमोर, न्यू जर्सीहून सत्तरीच्या बापाला लिंक पाठवणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारणं. त्यातली माहिती अचूक असेल, कबूल! पण ग्रुप सोडून गेल्यावर बाबा जिथे जातात तिथे त्यांना ‘सर, तुम्ही बरोबर बोलताय’ म्हणणारी माणसं भेटतात. घरी त्यांना असं शेवटचं कोण म्हणालं होतं? यूट्यूबने बाबांना बिघडवलं, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. दुपारी दोन ते सहा एकट्या घरात फोन एकामागून एक व्हिडिओ ताटात वाढतच राहतो. पण ताटावर माणूस बसतो तो भूक असते म्हणून.

बोलाल तेव्हा समोरासमोर, दोघंच. विचारा, सांगू नका. ‘हे खरं कशावरून?’ हा प्रश्न उलटतपासणीसारखा लागतो. त्याऐवजी: “बाबा, हे खोटं असतं तर आपल्याला कशावरून कळलं असतं?” फॉल्ट शोधणाऱ्या माणसाला हा प्रश्न कळतो. जून २०२१ मध्ये तुमच्या नाशिकच्याच एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे-नाणी चिकटतात, असा व्हिडिओ फिरला होता. बाबांनी तो तुम्हाला पाठवला होता म्हणता. तिथे वाद कशाला? अंगाला पावडर लावून चमचा पुन्हा ठेवून बघायचं. घामट, तेलकट त्वचेवर काय काय चिकटतं ते त्यांना हाताने पाहू दे. आणि एकदा जमलं तर हेही विचारा: फीडर ट्रिप झाला, सगळी लाइन पायी पाहिली, काही सापडलं नाही, पुन्हा चार्ज केली तर उभी राहिली, असं तुमच्या नोकरीत किती वेळा झालं? मामा सांगायचे, अशी रात्र महिन्याला एखादी असायचीच. नोंदवहीत ‘कारण आढळले नाही’ लिहायचं आणि झोपायला जायचं. झोप मात्र लागायची नाही, असंही सांगायचे.

कटावर विश्वास ठेवणं हा आजार नाही, तेव्हा ‘डॉक्टरकडे न्या’ असं मी म्हणणार नाही. पण शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात, जेवणात काही घालतात, असं बोलणं सुरू झालं, रात्र-रात्र झोप नसली, की तो विषय वेगळा. मग मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला उशीर नको. चार वर्षांनंतरही दुःख पहिल्या आठवड्याइतकं ताजं असेल तरी मदत घ्यावी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे, मराठीतून बोलता येतं. तुम्हीही फिरवलात तर बिघडत नाही. आईच्या जाण्याबद्दल तुम्ही चार पानांत एकदाही स्वतःविषयी काही लिहिलेलं नाही.

संबंध कमी करू का, या प्रश्नाला माझं उत्तर आज तरी ‘नको’ आहे. घरात मारहाण, धमक्या, बाळाला धोका असता तर वेगळं बोललो असतो. अशा परिस्थितीतल्या वाचकांनी अंतर ठेवण्यात काही पाप नाही. तुमच्याकडे तसं नाही. ‘तमाशा’ या शब्दाची मात्र माफी मागा. व्हिडिओंबद्दलचं तुमचं मत मागे घ्यायची गरज नाही, फक्त तो शब्द.

आणि ती फाइल. आईच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, कोणी उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या खेपेला नाशिकला गेलात की ती खाली काढा, बाबांसमोर. त्यात पूर्ण केसपेपर बहुधा नसतील, बिलं आणि रिपोर्ट असतील. नियमाने डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मुदत उलटून गेलीय, तरी बाबांच्या सहीने लेखी अर्ज करून बघा. काही ठिकाणी जुने कागद निघतात. जे मिळेल ते घेऊन त्या राखीवाल्या डॉक्टरांकडे बसा. ऑक्सिजन कोणत्या दिवशी किती होता, कोणतं औषध कधी दिलं, काय चुकलं असू शकतं. बाबांना हवे तितके प्रश्न विचारू द्या, मध्ये बोलू नका. कदाचित एखादी खरी हयगय निघेल, तर त्यावर तक्रार करायची का हे तिघं मिळून ठरवा. कदाचित एवढंच निघेल, की दाखल केलं त्या दिवशीच ऑक्सिजन इतका खाली होता, की घरी ठेवलं असतं तर ती दोन दिवसही काढू शकली नसती. तसं निघालं, तर ते वाक्य डॉक्टरांना बाबांकडे बघून, सावकाश, दोनदा म्हणायला सांगा.

पिशवीला हात लावू देणार नाहीत, असंही होईल. मग ती पुन्हा वर ठेवा, आणि बाळाला त्यांच्या मांडीवर देऊन चहा टाकायला आत जा.